कोरे सोडलेले गोल

१२ जून

छोट्या,

आशीर्वाद सवयीने लिहिते आहे. हवे असले तर घे, नको असले तर पुढे वाच. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, तेव्हा शेवटी कागद-पेन घेऊन बसले. फाडायचं असेल तर फाड, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच, असा माझा अनुभव आहे.

तुझी मुलगी सुखरूप पोचली. तुझे भाऊजी तिला आणायला स्टेशनवर गेले होते. एक बॅग कपड्यांची, एक पुस्तकांची. पुस्तकांची बॅग उचलताना त्यांची पाठ धरली ती अजून सुटलेली नाही, आणि मुलगी म्हणते, काका, ही नुसती पहिल्या सहा महिन्यांची आहेत. तुमच्या गावच्या त्या मोठ्या क्लासने तिच्याकडून एवढं वाचून घेतलं आणि तरी तिची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली. आता दुसऱ्या खेपेला आत्या आठवली. आठवली हेही नसे थोडके.

पण मला सांग, इतक्या वर्षांनी सख्ख्या बहिणीशी बोलायचं, तेही मुलीच्या फोनवरून? आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी तिने मला तुझा मेसेज वाचून दाखवला. "आत्याला सांग, सीट सरकारी पाहिजे." ताई कशी आहे नाही, भाऊजी कसे आहेत नाही. दुकानात यादी पाठवतात तसं. मी तिला म्हटलं, बाबांना कळव, माल आला तर देऊ.

आपल्या अण्णांच्या क्लासच्या ज्या खोलीला शिव्या घालत तू गेलास, त्याच खोलीत तिला बसवली आहे. अण्णांचं लांब टेबल तेच, फळा फक्त पांढरा झाला. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी एक. भिंतीवर सांगाड्याचा तक्ता आहे, त्याचा डावा गुडघा फाटलाय, म्हणून मुलं त्याला लंगडे सर म्हणतात. तुझी मुलगी पहिल्या दिवशी त्याच्यासमोर उभी राहून सगळी हाडं घडाघडा म्हणून गेली. श्वास घेतला नाही. लहानपणी ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची म्हणून घरात तिला मिठू म्हणायला लागले, ते काही उगीच नाही.

मुलगी गोड आहे. बोलते कमी, जेवते कमी, उत्तरं मात्र विचारायच्या आधी तयार. मला अजून तिचा अंदाज येत नाही.

तुझी (तू मान किंवा मानू नकोस)
ताई


२३ जुलै

छोट्या,

मागचं पत्र घेताना कुरिअरवाला म्हणाला, पाकिटात कागदपत्रं आहेत का? मी म्हटलं, भांडण आहे, नीट पोचव. पोचलेलं दिसतंय, कारण परवा मिठूच्या फोनवर तुझं उत्तर आलं: "आत्याला सांग, जुनं उकरू नकोस. टेस्टमध्ये किती पडले ते कळव." बरं. टेस्टचंच सांगते. खुर्चीत नीट बसून वाच.

माझी पद्धत तुला माहीत आहे, अण्णांचीच आहे. रविवारी सकाळी पूर्ण पेपर, खऱ्या परीक्षेसारखा. कागदावर डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तराचे चार पर्याय. मुलांनी वेगळ्या पत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा. चूक केली की मार्क कापले जातात, कोरा सोडला तर काही कापत नाहीत. या रविवारी आमच्या झेरॉक्सवाल्याच्या नव्या मशीनने प्रत्येक पानाचा डावा अर्धा भाग खाऊन टाकला. प्रश्न गायब, नुसते पर्याय. मी गठ्ठा न बघताच वाटला, कारण एका बाईंचा फोन चालू होता, मुलाने चहा प्यावा का दूध, याने मार्क वाढतात का.

थोड्या वेळाने कुजबुज सुरू झाली. शेवटी एकाने विचारलं, "मॅडम, प्रश्न कुठेत?" बघते तर काय, कपाळावर हात मारून घेतला. सगळ्यांचे कागद गोळा करायला लागले. खिडकीपाशी तुझी मुलगी मान खाली घालून गोल भरत होती. अर्ध्याच्या पुढे गेली होती. मी म्हटलं, अगं, प्रश्न नाहीयेत. ती म्हणाली, "हो, दिसलं. पण पर्याय आहेत ना." आणि पुढचा गोल भरला.

मी तिला थांबवलं नाही. कुतूहल म्हण, नाहीतर कंटाळा म्हण. संध्याकाळी तपासला. छोट्या, निम्म्याहून कितीतरी जास्त उत्तरं बरोबर. माझ्या तुकडीतली काही मुलं प्रश्न वाचून एवढे मार्क मिळवत नाहीत.

आधी वाटलं, पेपर हिच्या हाती लागला असणार. म्हणून रात्रीतून नवा पेपर काढला, दुसऱ्या दिवशी मुद्दाम प्रश्न झाकले आणि तिला एकटीला बसवली. पुन्हा तेच. माझे डोळे पांढरे झाले. विचारलं, कसं करतेस हे? तर तिने पत्त्यांचा डाव शिकवावा तसं मला खुशीत शिकवलं. सगळ्यात लांब पर्याय बरोबर असायची शक्यता जास्त, कारण पेपर काढणारा खरं उत्तर जपून लिहितो. "नेहमी" आणि "कधीच नाही" आलं की खोडायचं. दोन पर्याय एकमेकांच्या उलट असले तर त्यातलाच एक. आकडे असले तर सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आधी बाद. तुमच्या गावच्या क्लासमध्ये यासाठी म्हणे शनिवारी वेगळा तास असे. आठवीपासून.

मग मी तिला सोपं विचारलं. आपण पाणी पितो ते लघवी होईपर्यंत शरीरात कुठे कुठे जातं, सांग बघू. तिने हातातला कागद उलटून बघितला. मग अगदी हळू म्हणाली, "पर्याय?"

मला हसू आलं, आणि मग मी तिचा तपासलेला पेपर पुन्हा काढून बघत बसले. तू टेस्टचे मार्क विचारलेस. मार्क उत्तम आहेत. त्याचंच काय करावं हे मला कळत नाहीये.

ताई


९ सप्टेंबर

छोट्या,

तुझे मेसेज वाचून वाचून मिठू थकली. आता ती मला फोनच हातात देते आणि बाजूला बसून नखं बघते. "आत्याला सांग मार्क का उतरले." "आत्याला सांग प्रयोग दुसऱ्यांच्या मुलांवर कर." "आत्याला सांग तिने माझं वाटोळं केलं तेवढं पुरे." हा शेवटचा तुझ्या मुलीने मोठ्याने वाचला नाही, मला दाखवला. निदान तिची तरी लाज बाळग.

मार्क उतरले, कारण मी तिचे पर्याय काढून घेतले. दीड महिना तिला नुसते प्रश्न देते आहे. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं, चित्र काढायचं, आणि मला समजावून सांगायचं. पहिले काही दिवस कोरे कागद दिले तिने. मग रडली. मग चिडली. मला म्हणाली, आत्या, परीक्षेत हे विचारत नाहीत. मी म्हटलं, पेशंट विचारतो. ती म्हणाली, पेशंट यायला आधी सीट लागते. खोटं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि तिच्या आत्याला मनातून दोन लगावल्या असत्या.

सकाळच्या तुकडीतल्या पालकांनाही कुणकुण लागलीय. एक गृहस्थ येऊन सांगून गेले, मॅडम, आम्हाला समजून घ्यायचं नाहीये हो, आम्हाला सीट घ्यायची आहे. मी हात टेकले. त्यांच्या मुलाला मी नेहमीसारखंच शिकवते, युक्त्यांसकट. मलाही घर चालवायचं आहे. पण ही घरची मुलगी आहे. उद्या हिच्यासमोर कुणीतरी झोपलेलं असेल आणि ही सर्वांत लांब उत्तर शोधत बसेल, या विचाराने मला धड जेवण जात नाही.

आता वाटोळ्याचं. तीन वेळा या परीक्षेला बसलास. चौथ्यांदा अण्णा तुला बसवणार होते. मी त्यांना सांगितलं, हा डॉक्टर होणार नाही, याला सोडा. तू दाराआड उभा राहून ऐकलंस आणि तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीस. मी तेव्हा खरं बोलले होते आणि आजही मी शब्द मागे घेणार नाही. रक्त बघून तुला घेरी यायची, पुस्तक उघडलं की पोट दुखायचं, आणि फरशांच्या दुकानात मात्र तू तासन् तास रमायचास. आज तुझ्या फरशा तिथल्या निम्म्या घरांत आहेत. याला वाटोळं म्हणतात का? मी नसते बोलले तर अण्णांनी तुला पाचव्यांदाही बसवलं असतं.

पण हे तुला कोण पटवणार. मी तर दगडावर डोकं आपटते आहे.

ताई


१८ डिसेंबर

छोट्या,

घाबरू नकोस, आता सगळं ठीक आहे. तुझ्या भाऊजींना परवा दवाखान्यात ठेवलं होतं, काल घरी आणलं. मिठूने तुला सांगितलं नसणार, मीच नको म्हटलं. तू "आत्याला सांग काळजी घे" एवढंही लिहिलं नसतंस आणि मला वाईट वाटलं असतं. वाटतं मला अजून, काय करणार.

झालं असं. दुपारी ते बँकेतून आले आणि जिन्यातच बसले. डावी पोटरी दुखत होती. मी पाहिलं, सुजली होती. मी म्हटलं, पाय मुरगळला असेल, चला, मलम लावून चोळून देते. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे, तेव्हा आवाजात खात्री असतेच माझ्या. मलमाची बाटली घेऊन आले तर मिठू जिन्यात त्यांच्या पायाशी बसलेली. विचारत होती. कधीपासून दुखतंय, चालताना की बसल्यावर, आधी असं झालं होतं का, गेल्या आठवड्यात जास्त वेळ कुठे बसून होतात का. मग दोन्ही पायांना हात लावून बघितलं. एक गरम, एक गार. मी बाटली घेऊन उभी. मला वाटलं, आता ही घडाघडा काहीतरी म्हणणार.

तिने माझ्याकडे वर बघितलं. "आत्या, हे काय आहे मला माहीत नाही. पण माहीत नसेल तर चोळायचं कशाला? डॉक्टरकडे जाऊ या."

गेलो. शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, चोळला नाहीत ना? नशीब. चोळला असता तर गुठळी सुटून वर फुप्फुसात जाऊ शकली असती. माझ्या हातातली बाटली मी पर्समध्ये लपवली.

छोट्या, मी तिथे बाकावर बसून रडले. भीतीने तर रडलेच, पण खरं सांगू, आनंदानेही. जुलैत हीच मुलगी प्रश्न न वाचता उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकड्यांसमोर मी तिचं कौतुक केलं. म्हटलं, ज्याला माहीत नाही असं म्हणता येतं तोच डॉक्टर. बाकी सगळे अंदाजपंचे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मिठू लाजली नाही, गंभीर झाली. माझ्यासारखीच भारावली असेल, म्हटलं.

एवढं मात्र ऐक. ही मुलगी आता प्रश्न वाचते. अजून सावकाश वाचते, अर्ध्या पेपरातच वेळ संपतो. पण वाचते.

ताई


२ मार्च

छोट्या,

तुझं म्हणणं समजलं. परीक्षेला दोन महिने राहिलेत, आता तिला त्या राहण्या-जेवणाच्या मोठ्या क्लासमध्ये हलवायचं, जिथे पहाटे घंटा होते आणि मार्कांप्रमाणे मुलांना वेगवेगळ्या मजल्यांवर झोपवतात. माझं उत्तर, नाही. मिठूचं उत्तरही नाही. मी विचारलं तिला. तू विचारलंस का?

टेस्टचे मार्क मी तिला तुला कळवू देत नाही. कारण तू समजतोस ते नाही. मुलीच्या डोक्यावर रोज आकडा बसला की तिचा अभ्यास होत नाही, एवढंच. मार्क ठीक आहेत. ठीकच्या आसपास आहेत.

तुझ्या बायकोचा मला परवा चोरून फोन आला होता. बिचारी म्हणाली, ताई, ती हसते का हो तिकडे? मी म्हटलं, हसते. काल भाऊजींच्या पायाला पट्टी बांधताना त्यांना म्हणाली, काका, तुमचे पाय इतके केसाळ आहेत की शीर शोधायला नकाशा लागेल. वहिनी इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. हे तुला कळलं तर तिच्यावर ओरडू नकोस. ओरडायचं तर माझ्यावर ओरड, मला निदान तुझा आवाज तरी ऐकू येईल.

बाकी काही नाही. सकाळी वेळ लावून पेपर सोडवते, दुपारी मला शिकवते. हो, ती मला. फळ्यापाशी ती, बाकावर मी. वेग वाढतोय. मला खात्री आहे, वेळेत जमेल.

ताई


५ मे

छोट्या,

आज परीक्षा झाली. माझं डोकं जाग्यावर नाही. तरी लिहिते, कारण कुणाशी बोलू? तुझे भाऊजी म्हणतात, जाऊ दे. त्यांचं आयुष्यभर हेच चाललंय.

आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर उभे होतो, शे-दोनशे आईबाप, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. मुलं बाहेर आली. कुणी रडत, कुणी फोनवर. मिठू शांतपणे आली, म्हणाली, आत्या, पेपर छान होता, वेळेत झाला, सगळे प्रश्न वाचले. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तिचा प्रश्नपत्रिकेचा संच घेतला आणि उत्तरं पडताळायला बसले. एकेक बरोबर येत गेलं. मी खुर्चीत पुढे पुढे सरकत होते. मग एका प्रश्नापुढे काहीच खूण नाही. पुढच्या पानावर अजून एक. मग अजून.

विचारलं, हे काय? म्हणाली, ते कोरे सोडले. येत नव्हते. मी म्हटलं, अगं, पण एकही पर्याय खोडता आला नाही? ती म्हणाली, "आला की. बरोबर कोणता असणार तेही कळत होतं. लांबी बघून." आणि पेनाने बारीक केलेले ठिपके तिने मला दाखवले. प्रत्येक कोऱ्या प्रश्नात एका पर्यायापाशी एक ठिपका.

मी ते ठिपके पडताळले. एकदोन सोडले तर सगळे बरोबर. ते गोल भरले असते तर सीट हातात होती, तुला हवी ती, सरकारी. भरले नाहीत, तर आता काठावर. काठाच्या अलीकडे की पलीकडे, निकाल लागेल तेव्हा.

छोट्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, अगं गाढवे, परीक्षेत कोण बघतं तुला येतं की नाही? गोल भरायचे आणि मोकळं व्हायचं, शिकायचं ते नंतर शिकता येतं. मी युक्त्या सोड म्हटलं म्हणजे मार्क सोड म्हटलं होतं का? जगात कुणालाही विचार, असं कुणी करतं का?

ती घाबरली नाही. म्हणाली, "तूच सगळ्यांसमोर म्हणालीस ना, माहीत नाही असं म्हणता आलं पाहिजे. मला माहीत नव्हतं, आत्या."

मी पुढे काय बोलले ते लिहीत नाही. तुझ्या मेसेजमध्ये जे असतं तेच बोलले, शब्दसुद्धा तेच. नंतर न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. इतके महिने तुला नावं ठेवली, आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून तूच बाहेर आलास.

ती आत झोपली आहे. शांत झोपली आहे, याचाही राग येतोय मला.

ताई


१४ जून

छोट्या,

काल तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं आणि उचलण्याआधी मी ते दोनदा वाचलं. तुला ते कळलं नसणार, कारण तू लगेच सुरू झालास. निकालात तिची सीट कशी थोडक्यात गेली, मी कशी मुद्दाम घालवली, तुझ्यावरचा राग तुझ्या पोरीवर कसा काढला. आवाज तुझा अण्णांसारखा झालाय, हे कुणी सांगितलंय का तुला?

तू शेवटी म्हणालास, पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलंय, तिला पाठव, आणि एकाच प्रश्नाचं सरळ उत्तर दे. आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. सरळ उत्तर मागून फोन ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणून पुन्हा पत्र.

तिकीट रद्द कर. ती येणार नाही. मी थांबवलेली नाही. उलट परवा मीच तिला म्हटलं, घरी जा, आई वाट बघतेय, दुसरं काहीतरी कर, जगात डॉक्टर सोडून माणसं जगतात. तिने ऐकून घेतलं आणि तिचा तो संच माझ्यापुढे ठेवला. कोऱ्या सोडलेल्या सगळ्या प्रश्नांभोवती तिने लाल गोल काढले होते. म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी मी एकही कोरा सोडणार नाही. पण अंदाजाने ठोकणारही नाही. म्हणजे आधी हे शिकवावे लागतील तुला."

बसले शिकवायला. पहिलाच प्रश्न मूत्रपिंडाचा. इतकी वर्षं मी तो एका यमकाने शिकवते, पोरं म्हणतात, गोल भरतात, मार्क मिळवतात. तिने विचारलं, पण पाणी परत आत का ओढलं जातं? मी यमक म्हटलं. ती म्हणाली, हो, पण का? मी पुन्हा यमक म्हणायला लागले आणि मधेच थांबले. मला येत नव्हतं, छोट्या. कधी आलंच नव्हतं. इतक्या मुलांना डॉक्टर करून पाठवलं मी ते यमक देऊन.

भाऊजींना कॉलेजच्या ग्रंथालयात पिटाळलं, त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं, त्यासाठी पुन्हा पाठ धरून घेतली. दोन दिवस आम्ही दोघी त्या पुस्तकाला भिडलो. टेबलाच्या एकाच बाजूला बसून, कारण पुस्तक एकच. ती चिडायची, मी चिडायची, एकदा तर आम्ही दोघी लंगड्या सरांवर चिडलो. आज सकाळी तिला समजलं. माझ्या आधी. तिने पेन घेतलं, दोन नळ्या काढल्या, एकीतून वर आणि एकीतून खाली, आणि मला सांगत गेली. मी मधे प्रश्न विचारले, खरे प्रश्न, येत नसलेले. एक तिला आला नाही. म्हणाली, माहीत नाही, थांब, बघते. आणि पुस्तकात तोंड घालून बसली. दुपारपर्यंत तेही सापडलं. मला समजलं, या वयात, आणि मी तिला इतकी घट्ट मिठी मारली की ती म्हणाली, आत्या, चष्मा.

मार्क मी तुझ्यापासून लपवले, हे खरं. मार्चमध्ये ते ठीक नव्हते, वाईट होते. त्यासाठी तू मला काय हवं ते बोल. मे महिन्यात मी तिला जे बोलले, तेही तिला विचार, ती सांगेल, सगळं शब्दाला शब्द सांगेल. त्यावरही बोल. पण तुझ्या त्या एका प्रश्नाचं उत्तर देते. तू विचारलंस, ती डॉक्टर होईल की नाही, एकदाच काय ते सांग.

होईल.

पुढच्या वर्षी होईल की त्याच्या पुढच्या, ते सांगता येत नाही. पण होईल. आणि या बाबतीत मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

ताई